गोळी नसली तरी या

औषध संपलं की आमचे गोळीमास्तर खिडकी बंद करत नसत, उलट अर्धा तास आधी उघडत. लालबागच्या दवाखान्यात औषधं तेच द्यायचे आणि पुढच्या वर्षी किती लागतील ती मागणीही तेच लिहून वर पाठवायचे. मी तिथे आया होते. चौथी शिकलेली, दारात बसणारी. त्यांचं खरं नाव फारसं कोणी घेत नसे. गोळीमास्तरच म्हणत, आणि तेही प्रेमाने नव्हे.

माणूस होताच तसा. दादरचा, इस्त्रीच्या शर्टाचा, तोंडाने तुसडा. गोळी नसली की रांगेतल्या प्रत्येकाचं नाव, आजार आणि किती गोळ्या हव्या होत्या, ते एका लांबट वहीत लिहायचे. मग म्हणायचे, "पुढच्या सोमवारी या."

"तेव्हा आलेली असेल?"

"नसेल. तरी या."

माझी जाऊ शेवंता त्याच रांगेत असायची. तिला फिट यायची. एकदा ती भडकली. "ओ मास्तर, गोळी नाय तर बोलवतास कित्याक? तुमचा थोबाड बघूक?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "थोबाड फुकट आहे शेवंताबाई. बघा आणि जा." आणि तिचं नाव लिहिलं.

मला हा छळ वाटायचा. त्या उन्हाळ्यात फिटच्या गोळ्या संपल्या, तेव्हा मी दारातूनच माणसं परत पाठवायला लागले. तीन-तीन जिने उतरून आलेल्या म्हाताऱ्या बायका. मी म्हणायचे, गोळी नाही, उगाच उभ्या राहू नका. त्या मला आशीर्वाद देऊन जायच्या. दोन महिने मी हे पुण्य केलं.

मग एका दुपारी मास्तर वही घेऊन दारात आले. "मालनबाई, लालबागच्या फिटा बऱ्या झाल्या काय?"

मी खरं ते सांगितलं. वाटलं ओरडतील. ते माझ्या शेजारी बाकावर बसले.

"मागच्या वर्षी जेवढ्या गोळ्या वाटल्या, तेवढ्याच वरचे साहेब पुढच्या वर्षी देतात. दोन महिने गोळी नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी दोन महिने कोणी आजारी नव्हतं. ते खोटं पाडायला माझ्याकडे ही वही सोडून काही नाही. तुम्ही दारातून परत पाठवलेला माणूस बरा झाला म्हणून धरतात."

दुसऱ्या दिवसापासून मी चाळी पालथ्या घातल्या. दंडाला धरून माणसं आणली. शेवंतालाही आणली. वही भरली. मास्तरांनी दुप्पट मागणी लिहिली आणि वही जोडून पाठवली.

साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. "दोन महिने वही कोरी, मग एकदम एवढी नावं? ही माणसं आणली कोणी?"

"मी आणली," मी म्हटलं. मला वाटलं, मास्तरांची बाजू घेतेय.

"म्हणजे गोळा केलेली गर्दी." साहेबांनी पानावर लाल रेघ मारली. मागणी जुनीच राहिली. मास्तरांची बदली वडाळ्याच्या गोदामात झाली. तिथे खोकी होती, खिडकी नव्हती.

ते निघाले तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं."

"हो, चुकलं," ते म्हणाले. दुसरा कोणी असता तर जाऊ दे म्हणाला असता. त्यांनी माझी खोटी समजूत घातली नाही, म्हणून तो माणूस मला अजून मोठा वाटतो.

पुढच्या वर्षी गोळ्या गणपतीआधीच संपल्या. शेवंताने थोडे दिवस विकत घेतल्या, मग एक दिवसाआड, मग बंद. एका सकाळी भाकऱ्या भाजताना तिला फिट आली आणि पदराने पेट घेतला.

दोन दिवसांनी मास्तर चाळीत आले. त्यांना कोणी कळवलं, ठाऊक नाही.

"मरणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय?"

"भाजून."

"गोळीचं काही?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. "मग पुढच्या वर्षी भाजल्याचं मलम जास्त पाठवतील." एवढं बोलून चहा न घेता जिना उतरले. नंतर ते मला कधी भेटले नाहीत.

ते उपहासाने बोलले असं मी तेव्हा धरलं होतं. एप्रिलात मलमाची खोकी आली. मीच उचलून आत ठेवली.