उद्घाटन न झालेली बाग

ओल्या तेलरंगाचा वास आला की मला शिरूरमधली आमच्या वॉर्डातली बाग आठवते. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि डॉक्टरांनी त्यांना रोज सपाट जागी चालवायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीत नुसते खड्डे, म्हणून नवी बाग तयार झाल्याचं कळताच मी त्यांना रिक्षाने तिथे नेलं, तर गेटला कुलूप. आत गुळगुळीत फरशीची वाट आणि नुकतेच रंगवलेले बाक दिसत होते. वॉचमन उठून आला. "आप्पा, उद्घाटन झाल्याबिगर उघडता येत न्हाई. साहेबांची तारीखच मिळंना." मी खूप विनवलं. "माझी नोकरी जाईल, ताई," तो खाली बघत म्हणाला. वडिलांनी गेटचे गज धरले आणि बाहेरच्या बाहेर, एकेक गज पकडत, चार पावलं टाकली. मग म्हणाले, "चल, फुडल्या आठवड्यात यू." असे आम्ही तीनदा जाऊन परत आलो. बाग उघडली त्या दिवशी बँडचा आवाज घरापर्यंत आला, तोवर त्यांनी अंथरूण धरलं होतं. "झाली का सुरू?" त्यांनी अडखळत विचारलं. मी "व्हय" म्हणाले आणि त्यांची कूस बदलून दिली. आता मीच तिथे रोज फिरायला जाते, पण तेव्हा आणखी काय करायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.