शेडचा रस्ता

माझा कॉम्प्युटर बघणाऱ्या अण्णांनी उभ्या जन्मात कोणाशी घासाघीस केली नाही, आणि मी तर घासाघिशीवरच उभा राहिलेला माणूस. भवानी पेठेत टॉवेलचा धंदा शून्यातून उभा केला. सुतापासून सुतळीपर्यंत काहीही पहिल्या भावाला घेतले नाही. अण्णा मात्र आपला भाव सांगून गप्प बसत. "जमतंय का बघा, मालक. न्हाई तर राहू द्या की." त्यावर बोलायचे काय?

गावातली कापडगिरणी बंद पडेपर्यंत ते तिथल्या कॉम्प्युटर खात्यात होते. नंतर आमच्यासारख्यांचे कॉम्प्युटर बघू लागले. माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला दोन वायरी. एक इंटरनेटची, तिच्यावर ऑर्डरी येतात. दुसरी रस्त्यापलीकडच्या यंत्रमागांच्या शेडकडे जाते; तिच्यावरून टॉवेलचे डिझाइन मागांना पोचते. अण्णा सांगत, "ह्याला मोठं दार एकच दावायचं, इंटरनेटचं; पत्ता ठावं नसलेलं समदं तिथनंच जातंय. शेडचा रस्ता तेवढा वेगळा सांगायचा."

एकदा त्यांना यायला उशीर झाला म्हणून मी रागाने स्वतःच खटपट केली आणि दोन्ही वायरींना मोठे दार देऊन बसलो. व्यापाऱ्याला मेल जाईना. अण्णा आले, पडद्याकडे बघत म्हणाले, "मेल मागाकडं धाडली व्हय? माग काय भाव ठरवणार हाय?" मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी चहा मात्र दोनदा घेतला.

शेडचा तो रस्ता कॉम्प्युटर बंद केला की पुसला जायचा. म्हणून रोज सकाळी अण्णा येत, चपला उंबऱ्याबाहेर जोडीने लावत, तो रस्ता सांगणारी एक ओळ टाइप करत. डिझाइन जाई, पलीकडे माग खडखडू लागत, आणि अण्णा खुर्ची मागे सरकवून चहाची वाट बघत. बायको गेल्यापासून घरी ते एकटेच होते. "हे कायमचं करता येत नाही का?" मी खेकसायचो.

"येतंय की. मग मी कशाला येऊ?"

एका शनिवारी त्यांनी सांगितले, मुलगी हे गाव सोडून कायमचे पुण्याला राहायला बोलावतेय.

"किती वाढवू, बोला," मी म्हणालो.

"पैशाचं न्हाई, मालक."

"मग सकाळी नको, दुपारी येत जा. एक दिवसाआड या."

ते नुसते हसले. मला वाटले, सोमवारी पुढचे बोलू. माझे सगळे सौदे दुसऱ्या बैठकीतच जमतात.

सोमवारी कॉम्प्युटर सुरू केला, दोन चहा सांगितले आणि सवयीने डिझाइन पाठवले. चहा यायच्या आत पलीकडे माग खडखडू लागले. ओळ कोणीच टाइप केली नव्हती. शनिवारी निघताना अण्णा रस्ता कायमचा करून गेले होते.

माझा राग आहे तो याचाच. माणसाने निदान बोलणी तरी पुरी होऊ द्यावीत. फोन केला तर म्हणाले, "आता बिघडायचं न्हाई ते. लई पक्कं केलंय."

खरेच पक्के केले आहे. वीज जाते, येते. कॉम्प्युटर बंद होतो, पुन्हा सुरू होतो. रोज सकाळी मी डिझाइन पाठवतो आणि आज तरी काही बिघडले का म्हणून कान देऊन बसतो. माग लगेच सुरू होतात.