मधल्या चार ओळी

मगदूम सर गेल्याचं मला चंदगडच्या एसटी स्टँडवर कळलं. गाडी लागली होती, कंडक्टर घाई करत होता, आणि फोनवर जुना वर्गमित्र एवढंच म्हणाला, "सर गेले गं… सकाळी." मी गाडीत जाऊन बसले. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला लाज वाटते. वाटलं, आता विचारायचं कुणाला?

विचारायचं होतं ते बारा वर्षांपूर्वीचं. शहाण्णव साली मी नेसरीहून कोल्हापूरला समाजकार्याच्या एम.ए.च्या प्रवेशासाठी आले. आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली बी.ए., हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. प्रवेशाला परीक्षेच्या मार्कांशिवाय स्वतःविषयी पानभर निबंध लागायचा, त्याला वीस मार्क. वाचणाऱ्याला रडू आलं पाहिजे, असं ओळखीच्या एका मास्तरांनी बजावलं होतं. सुरुवात आणि शेवट त्यांनीच सांगितला, 'दारिद्र्याच्या काळोखात माझा जन्म झाला' इथपासून 'समाजाचे ऋण फेडीन' इथपर्यंत. मध्ये जागा उरली म्हणून मी आईचं लिहिलं. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. बियांच्या टरफलातल्या तेलानं बोटांची कातडी इतकी गेली की रेशनच्या कागदावर तिचा अंगठा उमटेना. कारकून म्हणाला, परत लाव. तीनदा लावला. मग आई सही शिकली.

मुलाखतीला टेबलापलीकडे मगदूम सर होते. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, खोलीतसुद्धा बांधावरून हाक मारल्यासारखं बोलणारे. "बसा पावणं," म्हणाले. मी एवढीशी पोरगी, तरी पावणं.

"अंगठा उमटंना म्हणून सही शिकली, व्हय?"

"व्हय सर."

"कुणी शिकवली?"

"मीच की."

"मग ते का न्हाई लिहिलं?"

"ते लिहायचं असतंय व्हय?"

सर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, जावा आता. प्रवेश मिळाला. वसतिगृहात खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. गरिबी लिहिलीस, सर विरघळलं." ती चेष्टेत म्हणाली, पण ते वाक्य मी पदवीबरोबर घरी नेलं. राखीव जागेचं मला कधी ओझं वाटलं नाही, तो हक्क होता. पण हे वीस मार्क माझ्या हाताच्या अक्षरांचे होते. ते लिहिण्याला मिळाले की कीव म्हणून मिळाले… एवढंच मला कळायला हवं होतं.

सात वर्षांनी सरांनीच मला प्रवेशाचे निबंध वाचायला बोलावलं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी, माडीवर, चटईवर गठ्ठे. दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे आणि मग ताळा करायचा. आई-वडील नसलेल्या एका मुलाच्या निबंधाला मी सतरा दिले. सरांनी आठ. पेठेतल्या एका तेलाच्या दुकानदाराच्या मुलीला मी सात दिले होते, सरांनी सोळा.

"सर, खात्यापित्या घरची हाय ती."

"आसंल की." त्यांनी उशाखालून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या. एक वर ठेवली, नाव आणि पहिला परिच्छेद झाकला. दुसरी खाली, शेवट झाकला. "वरचं कुणीतरी शिकवलेलं असतंय, खालचं आपल्याला खूश करायला. मधलं वाच."

मधे तिनं लिहिलं होतं, की काही बाया दुकानातली गर्दी ओसरायची वाट बघत समोरच्या पायरीवर बसतात, कारण आपण किती थोडं तेल मागतो ते शेजारणीला ऐकू जायला नको असतं. त्या मुलाच्या मधल्या भागात मात्र नुसती सुभाषितं होती.

मी तरी भांडले. "म्हणजे गरिबीला मार्कच न्हाईत?"

"गरिबीला जागा हाय, फी माफ हाय, आणि ती पाहिजेच. हे मार्क बघितल्याचं हायत. कोण किती सोसलं ते आपण कशानं मोजणार गं?" मग त्या मुलाचा कागद त्यांनी पुन्हा हातात घेतला. "ह्याला मुलाखतीत निवांत बसवू. लिहायला भ्यालं असंल."

त्या दिवशी धीर करून विचारलं, "सर, माझ्या वेळेला या पट्ट्या होत्या?"

"कुणाला आठवतंय. च्या घे, गार हुतोय."

पुढेही दोन-तीनदा विचारलं. दर वेळी चहाच पुढे आला.

बाराव्यानंतर सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले. चटई तशीच होती, गठ्ठे नव्हते. पट्ट्या मागितल्या तर काकू म्हणाल्या, "एक खिडकीत कोंबलीया, वाऱ्यानं वाजत हुती. दुसरी शेगडीजवळ बघ, तिनं मी वारा घालते." मी उचलली. काठाला काळी झालेली. उलटी केली तर मागे वाण्याच्या दुकानाची जाहिरात, आणि कोपऱ्यात साल: १९९४.

"काकू, हे कॅलेंडर होतं?"

"तर काय. वरीस निम्मं पण सरलं नव्हतं आणि ह्यांनी कात्री चालवली. त्यावर माझी गॅसची तारीख लिहिलेली. दोन दिवस बोलले न्हाई मी ह्यांच्याशी."

चौऱ्याण्णव. माझा प्रवेश शहाण्णवचा. मी काकूंना परत सांगायला लावलं, कसं कापलं, कधी कापलं. त्यांना वाटलं मला सरांची आठवण दाटून आली… तीही आली होतीच.

नेसरीच्या घरी ट्रंकेत निबंधाचं कच्चं पान अजून आहे. गेल्या रविवारी ते काढलं. काकूंकडून आणलेली पट्टी वर ठेवली. दुसरी काकूंच्या खिडकीत आहे, म्हणून शेवट तळहातानं झाकला. मधे चार ओळी उरल्या. बिया, अंगठा, कारकून, सही. काळोख नाही, ऋण नाही, माझं नावसुद्धा नाही. आई शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय बघतीस गं एवढं?"

"पेपर तपासतीय."

मी पेन्सिल घेतली आणि वीसपैकी चौदा दिले. सही कुणी शिकवली ते लिहायचं राहिलंय, त्याचे कापले.