राग सोडला त्या वर्षीचा कॉम्प्युटर

घरात एखादी मोठी वस्तू यायची ठरली की वस्तूच्या आधी तिचे किस्से येतात. आमच्या फ्रिजचे दोन आहेत, स्कूटरचा एक. वैशालीच्या कॉम्प्युटरचे मात्र इतके साठले की भिशीच्या दिवशी चहा गाळायच्या आधीच बायका म्हणतात, "तो दौंडचा सांगा." दौंडचा शेवटीच सांगायचा असतो. आधीचे ऐकले नाहीत तर त्याची चव कळत नाही.

वैशाली माझी थोरली. पुण्याला कमर्शियल आर्ट शिकायची, शिरूरहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. दुसऱ्या वर्षाला घरी स्वतःचा कॉम्प्युटर हवाच होता, कारण कॉलेजात एका मशीनमागं सहा मुलं. दिवाळीनंतर, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला मोठं सबमिशन. ते चुकलं की वर्ष गेलं. माझी भिशी लागली होती, तेवढ्यात बसेल असा घ्यायचा ठरला.

आणि नेमका त्याच आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला. दरवर्षी आम्ही बायका चार महिने काहीतरी सोडतो. शेजारच्या सुमनताईंनी वांगं सोडलं. मी म्हटलं, यंदा खाण्यातलं नको, राग सोडते. कुणाला वाकडा शब्द म्हणून बोलायचा नाही. नेम सुटताना सोडलेली वस्तू आधी दुसऱ्याला दान करायची आणि मग आपण तोंडी लावायची, अशी रीत. सुमनताई म्हणाल्या, "वांगी मी गुरवाला देईन. तुम्ही राग कुणाला देणार?"

मी म्हटलं, चार महिने आहेत, भेटेल कुणीतरी.

वांगं सोपं होतं, हे मला पंधरा दिवसांतच कळलं.

* * *

पहिलं दुकान शिरूरातलंच. वैशालीनं कॉलेजच्या सरांकडून कागदावर सगळं लिहून आणलेलं: रॅम दोनशे छप्पन, मॉनिटर सतरा इंची, ग्राफिक्सचं कार्ड वेगळं. दुकानदारानं कागद तिच्या हातातून घेतला, वाचला आणि ह्यांच्याकडं वळला. म्हणाला, मुलीसाठीच ना, मग एवढं कशाला? चौसष्ट रॅममध्ये टायपिंग मस्त होतं.

वैशाली म्हणाली, मला टायपिंग करायचं नाही, चित्रं करायचीत. तो ह्यांनाच म्हणाला, चित्रं काय, वहीत पण काढता येतात. आणि हे मान डोलावत होते!

मी मनात जप सुरू केला. निघताना त्यानं मला लक्ष्मीचं गुळगुळीत कॅलेंडर दिलं, दुकानाचं नाव छापलेलं. वैशालीनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे ज्या मशीनवर बनवलं, त्याला रॅम किती होती?"

त्याला एकदम दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

* * *

आमचे दीर, बाळूभाऊजी, दौंडला रेल्वेत. रेल्वेत असलेल्या माणसाला सगळं कळतं अशी ह्यांची श्रद्धा. भाऊजी राखी पौर्णिमेला आले, कागद पुढ्यात घेतला आणि वाण्याची यादी कमी करावी तसे एकेका ओळीवर निळ्या पेनानं काट मारत सुटले. रॅम? निम्मी करा. सतरा इंची? चौदा बास. कार्ड कशाला? तेही गेलं. आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: स्पीकर, मोठे, दोन.

"वहिनींना भजनं ऐकाया," म्हणाले.

मी भजनं ऐकत नाही, म्हणते. पण हे सांगायलाही आवाज चढला असता, म्हणून पुरणपोळीवर तूप वाढलं.

जेवून हात धुताना भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, घेऊन टाका येकदाचं. आन् एवढं करून बी वर्ष गेलं, तर मग पोरीला घरी बसवू नका. मांडवगणचं स्थळ हाय माझ्याकडं." हे म्हणाले, बघू. वैशाली ताटं उचलत होती. तिच्या हातातली ताटं वाजली नाहीत, इतकी ती हळू चालली.

त्या दिवशी मला कळलं की आपण कॉम्प्युटर घेत नाही आहोत, पोरीचं वर्ष घेत आहोत.

* * *

गणपतीत कुणीतरी सांगितलं, वडगाव रासाईकडं एका फोटोवाल्याचा जुना कॉम्प्युटर विकायचाय, अगदी कंडिशनमध्ये. आम्ही मायलेकी गेलो. चालू काही होईना. वैशालीनं सरळ त्याच्याच पेचकसानं डब्याचं झाकण उघडलं. आत कापूस, कागदाचे कपटे आणि त्यात चार गुलाबी पिल्लं. उंदरीण बाळंतीण झालेली!

फोटोवाला जराही लाजला नाही. म्हणाला, "शुभ हाय की मावशी. गणपतीचं वाहन हाय."

मी त्याला नमस्कार केला आणि त्या उंदरीण-बाळंतिणीलाही.

* * *

शेवटी भाऊजींच्या ओळखीच्या दौंडच्या दुकानातून जोडून घेतला. वैशालीनं भांडून बिलावर दोनशे छप्पन लिहून घेतले. भाऊजींनी काट मारलेल्यातलं तेवढंच तिनं वाचवलं होतं. शेठ म्हणाला, तीन दिवस वापरून बघा, काही निघालं तर बदलून देतो.

कॉम्प्युटर घरी आला नवरात्रातल्या अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ह्यांचे पाने-पकडी, माझी विळी, शिलाई मशीन आणि मधोमध कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा मांडली. त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजेला बसलेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. वैशाली विनवत होती, आई, एकदा फक्त चालू करून बघते. मीच म्हटलं, देवीपुढं घाई नको.

ही चूक माझी. दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बटण दाबलं. सुरू होताना काळ्या पडद्यावर आकडे पळतात आणि रॅम जितकी असेल तिथं थांबतात. आमचे चौसष्टवर थांबले. तिचं एक चित्र उघडायला कुकरच्या तीन शिट्ट्या लागायच्या, आणि बंद पडायला एकही नाही.

* * *

भाऊजींना घेऊन दौंडला गेलो. शेठनं बिल पाहिलं, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाला, तीन दिवस झाले की. मी हळू आवाजात सांगितलं, पूजेला बसला होता.

तो हसला. "पूजा केली म्हणजे माल पसंत केला, ताई. कुंकू लागलेली वस्तू आम्ही परत घेत नाही."

आणि आमचे भाऊजी टाळी द्यायला हात पुढं करून म्हणाले, "पोरींचं बी तसंच असतंय, शेठ."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी हसले. देवा, मी खरंच हसले.

परतीच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत ती बिलाची घडी घालत-उलगडत राहिली. मग म्हणाली, "आई, एक शब्द तरी बोलायचास."

"नेम आहे बाळा."

"सुटतो कधी?"

"कार्तिकी द्वादशीला."

तिनं बोटांवर मोजलं. "सबमिशन त्यानंतर तीन दिवसांनी आहे. चालेल."

* * *

द्वादशीला पहाटे तुळशीची पूजा केली. सुमनताई गुरवाकडं टोपलीभर वांगी घेऊन निघाल्या. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, नारळ घेतला आणि वैशालीला घेऊन पहिल्या एसटीनं दौंड गाठलं.

दुकानात गिऱ्हाईकं होती. एक बाप हातात यादी घेऊन उभा, मागं त्याची लेक. मी काउंटरवर नारळ ठेवला, शेठला कुंकवाचं बोट लावलं आणि सांगितलं की चार महिने एक गोष्ट सोडली होती, आज तिचं दान करायचंय, आणि पहिला मान तुमचा.

शेठ खूश झाला. टोपी सारखी केली, दोन्ही हात पुढं केले. "द्या ना ताई. दानाला नाही कोण म्हणतं?"

मग मी दिलं.

सगळं इथं लिहीत नाही, घरात देव आहेत. एवढंच सांगते की सुरुवात अशी होती: "कुंकू लागलेली वस्तू परत द्यायला मी आलेच नाही. तिच्या पोटातून तुम्ही जे काढून घेतलंत, ते न्यायला आलेय." पंधरा मिनिटं झाली असतील. मधेच समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे ग्लास घेऊन दारात येऊन उभी राहिली. यादीवाल्या बापानं यादी गुपचूप लेकीच्या हातात दिली.

बाहेर पडलो तेव्हा रॅमची खरी पट्टी वैशालीच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती. माझ्या घशाला कोरड पडली होती. रसवंतीत बसलो. तिनं स्वतःचाही ग्लास माझ्याकडं सरकवला.

"आई, संपलं सगळं?"

"छे," मी म्हटलं. "भाऊजींच्या वाटणीचं काढून ठेवलंय."