लाइलची जागा

ऑगस्ट लागला की टॅकेटांच्या घरात जेवायला टेबल मिळायचं नाही. त्यावर लाइलचा नकाशा पसरलेला असायचा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर जर्दाळूच्या जॅमच्या चार बरण्या. नोरीन ताटली मांडीवर घेऊन जेवायची. तिची काही तक्रार नव्हती. एरवी दिवसाला दहा शब्द खर्चताना जिवावर येणारा तिचा नवरा शिकारीचा बेत आखायला बसला की घडाघडा बोलायचा, आणि बोलायचा ते फक्त तिच्याशी.

लाइल कौंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा. उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. त्या यंत्राच्या हादऱ्यांनी त्याचा डावा खुबा पार खिळखिळा झाला होता. पण गावात त्याला ग्रेडरवाला म्हणून कोणी ओळखत नसे. दरवर्षी डोंगरातून एल्क, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, मारून आणणारा लाइल, हीच त्याची ओळख. डोंगर सरकारी, म्हणजे कोणाच्याही बापाचा नाही. लायसन काढलं की सगळ्यांना मोकळा. ऑक्टोबरात डोंगराच्या पायथ्याशी, हॉर्स कॅम्पच्या वाहनतळावर पाच-पाच राज्यांच्या नंबरप्लेटा दिसायच्या आणि त्यातले बहुतेक जण रिकाम्या हाताने, सर्दी घेऊन घरी जायचे. लाइल कधी रिकाम्या हाताने आला नाही.

"तू एल्कचा विचार करतोस तरी कधी?" नोरीन विचारायची. "सगळं लक्ष माणसांवर."

"मग काय तर! एल्क बिचारा माणसाला टाळतो, दुसरं काही करत नाही. माणूस कुठे कडमडणार ते मला कळलं, की एल्क कुठे जाऊन बसणार ते कळलंच." मग त्याचं जाडं बोट नकाशावर फिरायचं. "हे बघ, टेक्ससवाले. ट्रेलर लावणार, भलामोठा नाश्ता करणार, या कुरणाच्या काठाला बसणार. ही तरणी पोरं, नवे बूट घालून दुसऱ्या तळ्यापर्यंत धावणार. त्यांच्या पलीकडे कोण जातं?"

"तू."

"मी. लॉस्ट सॅडल. पार खिंडीच्या मागे."

हे नाव फक्त नोरीनला ठाऊक होतं. नकाशावर पेन्सिलीचं टिंबसुद्धा करायचं नाही असा लाइलचा दंडक. न्याहारीच्या हॉटेलात कोणी खडा टाकून पाहिला, तर तो भलत्याच ओढ्याचं नाव इतक्या तपशिलाने सांगायचा की दोन-तीन भाबडे खरोखर तिकडे जाऊन भिजून यायचे. जावयाने दिलेलं उपग्रहाचं यंत्र, संकटात बटण दाबलं की मदत येते ते, त्याने ट्रकच्या खणात टाकून दिलं होतं. "आभाळाला जागा सांगितली म्हणजे सगळ्या दुनियेला सांगितली," असं म्हणायचा. नोरीनने मात्र ते नाव सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. गावभर ती एवढंच म्हणायची, "माझा नवरा जिथे जातो ना, तिथे तुमच्या घोड्यांनाही धाप लागेल." आणि म्हणताना तिची छाती फुगायची. फुगू नये तर काय? बाकीच्या बायकांचे नवरे गाडीच्या खिडकीतून डोकावून शिकार करणारे. अशांना गावात 'डांबरी' म्हणायचे, म्हणजे डांबरावरून पाय न उतरवणारे.

त्या वर्षी तिने एकदा विचारलंच. "खुबा साथ देईल का रे?"

"खुब्याला कोण विचारतंय?"

"नाहीतर यंदा बस की रस्त्याच्या कडेला. डांबरी टॅकेट!" ती खदखदून हसली. लाइलही हसला. जरा उशिरा हसला, पण ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

हंगामाच्या आदल्या दिवशी तो गेला. बुधवारी संध्याकाळी येतो म्हणाला. बुधवारी नोरीनने बटाटे उकडून ठेवले, ते गार झाले. गुरुवारी पहाटे तिने भावाला फोन केला. गार्थ खेचरं पाळायचा. तोंडाचा फटकळ, पण हाकेला धावणारा माणूस. दोघं शेरीफच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी, ब्रँडवोल्ड नावाच्या उंच बाई, समोर नकाशा घेऊन बसल्या.

"मिसेस टॅकेट, नेमके कुठे गेलेत ते?"

नोरीनने आधी मागे वळून पाहिलं. कचेरीत आणखी चार माणसं होती, त्यातले तिघे शिकारी. तिने खाली मान घातली आणि हळूच म्हणाली, "यांना बाहेर पाठवता का?"

गार्थ उखडला. "नोरी, अगं जीव जायची वेळ आलीय आणि तू जागा लपवतेस?"

"मी त्याला शब्द दिलाय."

माणसं बाहेर गेली. मग तिने लॉस्ट सॅडलवर बोट ठेवलं. ब्रँडवोल्डबाईंनी मान डोलावली. ट्रक हॉर्स कॅम्पलाच उभा होता, वाट तिथूनच वर जात होती, सगळं जुळत होतं. दुपारच्या आत खेचरं, घोडे, कुत्री आणि सुट्टी टाकून आलेली गावची माणसं वाटेला लागली. सगळी तडक लॉस्ट सॅडलकडे. जाताना वाटेत कोणी थांबलं नाही. थांबायचं कशाला?

नोरीन खालीच राहिली. तळावर तंबू टाकून तिने मोठ्या किटलीत कॉफी उकळत ठेवली. येणाऱ्याला कप द्यायचा, जाणाऱ्याला कप द्यायचा.

शुक्रवारी भरदुपारी गोळीचा आवाज झाला. अगदी जवळ. वाहनतळाच्या मागे संडास होता, त्याच्याही मागे जळक्या झाडांची एक घळ. आवाज तिकडून आला. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. खाली ओढा खळाळत होता, त्यामुळे बाकी काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. गार्थ खेचरांना दाणा द्यायला खाली आला होता. त्याने तोंड वाकडं केलं.

"बघ, डांबरी! इथे माणूस हरवलाय आणि हा संडासामागे बसून शिकार करतोय. तिसऱ्या गोळीलाही नेम लागला नसेल."

दोन दिवसांत नोरीन हसली नव्हती, ती हसली. "लाइल इथे असता तर त्याने त्याला चांगला सोलला असता," ती म्हणाली. कॉफीसाठी थांबलेला गावातला ब्रेंटही हसला. गार्थने कप पुढे केला, तिने भरला. तीन गोळ्या म्हणजे मदतीची हाक, हे तळावर पोरासोरांना ठाऊक होतं. पण हंगामात सगळा डोंगरच गोळ्या झाडत असतो, आणि लाइल टॅकेटची हाक संडासामागून येईल हे कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

त्या रात्री बर्फ पडला. शनिवारी हेलिकॉप्टर आलं, लॉस्ट सॅडलवर घिरट्या घालून गेलं. रविवारी पुन्हा बर्फ. पुढच्या आठवड्यात ब्रँडवोल्डबाईंनी हातमोजे काढून नोरीनचे हात हातात घेतले आणि शोध थांबवत असल्याचं सांगितलं. माणसं ट्रेलर आवरू लागली. नोरीन किटली घासत राहिली. किटली केव्हाच लख्ख झाली होती.

गार्थ खेचरांचे दोर गुंडाळत होता. घळीवर डोमकावळे गोळा झालेले त्याला दिसले. कोणीतरी जनावर सोलून आतडी टाकली असणार. आता हे सांगायला बरं वाटत नाही, पण मेव्हण्याच्या दुःखात असतानासुद्धा गार्थच्या मनात आलं ते हेच, की त्या डांबऱ्याला लागला तर एल्क! केवढा होता, बघून तर येऊ. आमच्या डोंगरातला माणूस असाच आहे. तो घळीत उतरला.

बऱ्याच वेळाने तो वर आला तेव्हा त्याने स्वतःची टोपी डोक्यावरून काढून हातात धरली होती. नोरीनने टोपी पाहिली आणि किटली खाली ठेवली.

"कुठे?" तिने विचारलं.

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"इथे, नोरी. या मागे." त्याने संडासाकडे बोट केलं. "त्याचा छोटा तंबू आहे. एल्क मारलाय, मोठा नर. मांस पिशव्यांत भरून सावलीत टांगलंय, एक पानही चिकटलेलं नाही. मागची एक तंगडी पाठीवर घेऊन येताना ओंडक्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलंय. बंदूक तंबूत होती, सरपटत तिथवर पोचायला त्याला दोन दिवस लागले असणार. शेजारी तीन रिकामी काडतुसं."

नोरीन घळीकडे निघाली, गार्थने तिला अडवलं.

"तंबूपाशी जुन्या चुलीची राख आहे," गार्थ म्हणाला. "झाडाला दोर बांधून बांधून घट्टे पडलेत. चार वर्षं तरी तो इथेच येत असणार. सगळे या घळीच्या शेजारून पुढे जातात ना, इथे कोणी ढुंकूनही बघत नाही. एल्क इथे येऊन बसतात आणि हाही."

म्हणजे लाइलचा हिशोब शेवटपर्यंत बरोबर होता. फक्त खुबा गेल्यावर त्याने खिंड सोडली आणि ते बायकोला सांगितलं नाही. कसं सांगणार? ती गावभर घोड्यांच्या धापेच्या गोष्टी करत होती. तिचा तोरा मोडवेना म्हणून तो पहाटे सगळ्यांबरोबर जड पिशवी पाठीवर टाकून वर चढायचा, आणि पहिल्याच वळणावर बाजूला व्हायचा. मांस आणायला गार्थची खेचरं गेली काही वर्षं का नको असायची, तेही आता नोरीनला कळलं. ती त्याच्यावर भयंकर संतापली. मग तो संताप दमला, आणि जे उरलं ते संतापापेक्षा वाईट होतं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की शनिवारपर्यंत तो जिवंत असावा. शनिवारी ती तळावर कॉफी देत होती.

"हे बघ," गार्थ घरी आल्यावर म्हणाला, "मी आणि ब्रँडवोल्डबाई सोडून त्या घळीत कोणी उतरलं नव्हतं. आपण म्हणू, लॉस्ट सॅडलवरून परत येत होता, अगदी शेवटाला पाय घसरला. खोटं थोडंच आहे? त्याची शान राहील."

नोरीनने टेबलावरच्या जॅमच्या बरण्या उचलून फळीवर ठेवल्या.

दफनानंतरचं जेवण शेतकरी संघाच्या ग्रेंज हॉलमध्ये होतं. हॅम, चीज घालून भाजलेले बटाटे, बायकांनी घरून आणलेले केक. पुरुष एकेक करून उठून बोलले. असा माणूस होणे नाही. जिथे कोणाचं पाऊल पडलं नाही तिथे हा जायचा. खिंडीपलीकडचा राजा. गार्थने नोरीनकडे पाहून हळूच मान डोलावली, जणू सगळं ठीक चाललंय.

नोरीन उठली. तिला भाषण करायची सवय नव्हती.

"तो खिंडीपलीकडे जात नव्हता," ती म्हणाली. "त्याचा खुबा गेला होता. तो हॉर्स कॅम्पच्या संडासामागच्या घळीत बसायचा."

गार्थने तिची बाही ओढली.

"नोरी, बस खाली," गार्थ कुजबुजला.

"नाही बसत. त्याने तीन गोळ्या झाडल्या. मी ऐकल्या. ऐकून मी हसले. तुमच्यातले किती जण तिथे होते? ब्रेंट, तू होतास. तूही हसलास. डांबरी म्हणालो आपण त्याला."

ब्रेंटने ताटली खाली ठेवली. कोणाचं तरी बाळ रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. लोकांचे चेहरे पडले होते, बायका डोळे पुसत होत्या. आणि तरीही नोरीनला दिसलं. चाळीस वर्षं शिकाऱ्याशी संसार केलेल्या बाईला ते दिसणारच. दोन-तीन पुरुषांच्या ओल्या डोळ्यांत, अगदी तळाशी, नकाशा उलगडत होता. संडासामागे? म्हणजे ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? त्यांची त्यांनाच लाज वाटत असावी, कारण ते लगेच जमिनीकडे बघू लागले.

"पहिल्या वळणावर डाव्या हाताला उतरायचं," नोरीन म्हणाली. "फरचं मोठं जळकं झाड आहे, त्याच्या खालून. ओढा ओलांडायचा नाही. एल्क वरच्या सपाटीवर बसतात, उन्हं आली की." ती एकेकाकडे बघत, कोणाची नजर चुकवू न देता सांगत गेली. जे लाइलने तिलाही सांगितलं नव्हतं, ते तिने या आठवड्यात घळीत तीनदा उतरून स्वतः पाहिलं होतं. "पुढच्या वर्षी सगळे जा. प्रत्येक जण जा. इतकी गर्दी करा की तिथे कोणी ओरडलं तर ते कोणाच्या ना कोणाच्या कानावर पडलंच पाहिजे."

मग ती बसली आणि गार्थने पुढे केलेली बटाट्याची ताटली तिने बाजूला सारली.