तिसऱ्या बेसजवळची ओल

"त्या दिवशी आपण जिंकलो नाही, मी पाणी जास्त मारलं."

एमिल हुडाक हे माझ्यासमोर एकदाच बोलला. मग चमचा कोबीच्या सुपात तसाच ठेवला आणि जेवलाच नाही.

आमच्या पोलादाच्या गावात बेसबॉलचा धंदेवाईक संघ होता, तेव्हा एमिल मैदान राखायचा. गवत कापायचं, फक्की मारायची, पाणी मारायचं. पाहुण्या संघात पळणारे चपळ असले, की सामन्याच्या सकाळी मॅनेजर येऊन नुसतं म्हणायचा, "आज धूळ फार आहे रे." म्हणजे पळणाऱ्याने एकामागून एक गाठायच्या बेसभोवतीची माती भिजवायची. पळणाऱ्याचा पाय जरा जड व्हावा, एवढंच. सगळीच गावं हे करत, त्याला कुणी लबाडी म्हणत नसे.

अठ्ठावन्न सालचा तो सामना करंडकाचा होता. त्या सकाळी एमिलने तिसऱ्या बेसपाशी, कुणी न सांगता, नळी आणखी थोडा वेळ धरली. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे. त्यांचा डेल्बर्ट रुक्स, अजून मिसरूड नीट न फुटलेला, दुसऱ्या बेसवरून सुटला, तिसऱ्यावर वळला. पाय चिखलात रुतून राहिला, गुडघा तेवढा फिरला. तो हातांवर सरपटत, जिथे धाव पुरी होते त्या होम प्लेटकडे निघाला. आमच्या कॅचरने चालत जाऊन चेंडू त्याच्या पाठीला टेकवला, तो बाद झाला, आणि आम्ही टोप्या उडवल्या. रुक्स पुन्हा कधी खेळला नाही.

पुढे संघ मोडला, कारखानाही बंद पडला. तो सामना तेवढा उरला. दर ऑगस्टात स्लोव्हाक क्लबात त्याचं जेवण असतं. बिअरने आंबलेला हॉल, लोण्यात थिजलेल्या, बटाटा भरलेल्या पिरोही. लॅडी ब्रेझना पोट सावरत, रुक्सची नक्कल म्हणून टेबलांमधून लंगडत जातो, आणि तोंडातला घास दिसेपर्यंत लोक हसतात. दरवर्षी तेच. एमिल कधी येत नसे.

यंदा आला. का, ते मला ठाऊक होतं. जुन्या मैदानाच्या भिंतीवर त्या सामन्याची पितळी पाटी बसणार होती. तीत रुक्सचं नाव घाला, एवढंच त्याने क्लबचा अध्यक्ष गस कोवालिक याच्याकडे मागितलं होतं. "बघू की काका, तुम्ही या तर खरं," गस म्हणाला होता.

गसने पाटीवरचं फडकं काढलं. एमिल वाकला, एकेका नावावरून बोट फिरवत खाली गेला. शेवटच्या नावावर बोट थांबलं. ते त्याचं स्वतःचं होतं.

"रुक्स कुठाय?"

"अहो काका, हरलेल्याचं नाव कुणी लावतं का? नऊ खेळाडू आणि दहावे तुम्ही. तुम्हीच तर जिंकवलंत."

टेबलं बडवली गेली.

"सांगा की काका, किती पाणी मारलं होतं?"

"पाणी कसलं, म्हाताऱ्याने नदीच आणली होती," कुणीतरी ओरडलं. लॅडी तेवढ्यात उठलाच होता.

एमिलने ते बोट रुमालाने पुसलं. पुन्हा पुसलं. टोपी उचलली. टेबलांमधल्या अरुंद वाटेत लॅडी लंगडत समोर आला, हनुवटीवर लोणी ओघळलेलं. एमिल उभा राहिला. लॅडीचं हसू ओसरलं, पाय आपोआप सरळ झाला, तो अंग चोरून बाजूला सरला. एमिल दार ढकलून बाहेर निघून गेला.