सातवं विधान

"तुमच्यातल्यांना असं वाटणं साहजिकच आहे," मॅडम म्हणाल्या. सगळा वर्ग हसला.

बेलापूरचं बी.एड. कॉलेज. आम्ही जीवशास्त्र शिकवायला शिकणाऱ्या बावीस जणी. शिकण्याविषयी आम्हाला काय माहीत आहे, काय वाटतं, हे मॅडम संशोधनासाठी मोजत होत्या. एकदा वर्षाच्या सुरुवातीला, एकदा शेवटी. प्रश्नावलीतलं सातवं विधान होतं : हुशारी घराण्यातून येते. मी 'पूर्णपणे असहमत'वर खूण केली. माझा बाप वाशीच्या मार्केटात माथाडी, आई धुणीभांडी करते. मला दुसरं काय वाटणार?

मॅडमनी माझा कागद उचलला, सुरुवातीचं ते वाक्य ऐकवलं आणि वर विचारलं, "एमएस्सी केलीस ना? आनुवंशिकता ठाऊक नाही? की तिथेही सवलतीवर पास झालीस?"

मी रबर घेतलं. खूण खोडली. 'सहमत'वर केली. अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते, आणि ते गेले की नोकरीचं स्वप्नही गेलं. पण मी सांगत्येय ते या अपमानासाठी नाही. त्याच्या पुढचं माझ्या अंगाला चिकटलंय.

चार महिन्यांनी शिरवण्यातल्या एका शाळेत माझा सराव पाठ होता. आठवीचा वर्ग, विषय माशाचं श्वसन. मागच्या बाकावर मॅडम, हातात निरीक्षण वही. मी तक्त्यावर कल्ले दाखवले. तेवढ्यात प्राची उभी राहिली. तिची आई मासे विकते.

"बाई, कल्लं लाल अस्लं का मावरा ताजा हाय. आमची आय तसाच बगते."

माझ्या पाठ टाचणात पुढचाच प्रश्न होता, कल्ले लाल का दिसतात? पोरीनं तो आयता माझ्या हातात दिला होता. तिथून रक्तापर्यंत एक पाऊल. पण टाचणात त्या जागी मुलांनी बोलायचं नव्हतं, मी बोलायचं होतं. आणि मागे मॅडमचं पेन थांबलं होतं.

"हा बाजार नाही, शाळा आहे," मी म्हणाले. "खाली बस. तुमच्यातल्यांना दुसरं काय सुचणार?"

वर्ग हसला. तसाच. प्राची खाली बसली. मॅडमनी लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्तम'. ते वाचून मला बरं वाटलं. आज त्याच बरं वाटण्याची मला शिसारी येते.

वर्ष संपताना पुन्हा तीच प्रश्नावली आली. प्रत्येक मूल शिकू शकतं, हे मॅडमनी वर्षभर व्याख्यानांत सांगितलं होतं. त्यामुळे सातव्या विधानाला बाकी सगळ्या जणी 'असहमत' म्हणाल्या. मीही म्हटलं असतं, तर कागदावर माझी प्रगती झाली असती.

मी खूण केली नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर मॅडमचं वाक्य लिहिलं. त्याखाली प्राचीचं. त्याखाली माझं. कागदावर नावाऐवजी असलेला सांकेतिक क्रमांक खोडून स्वतःचं नाव घातलं.

"हे काय? माझा डेटा खराब होईल."

"होऊ दे, मॅडम."

"अंतर्गत गुण अजून भरायचेत. लक्षात आहे ना?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "प्राची, तू बरोबर होतीस. मी चुकले." तिनं मान वर केली नाही. "बरं, बाई," एवढंच म्हणाली.

तिनं मला माफ करावं, असं मी मागणार नाही. गुण किती मिळाले, तेही अजून कळलेलं नाही. पण नोकरी कुठेही लागो, मूल बोलायला उठलं की माझं टाचण मिटलेलं असेल. आणि 'तुमच्यातल्यांना' हा शब्द ज्याच्या तोंडी येईल, त्याला मी तिथल्या तिथे अडवीन. आधी मला.